रोवणीची बेगमी

रविवारी दोन-तीन भाज्यांचा रस्सा करून फ्रीजरमध्ये टाकायचा आणि आठवडाभर संध्याकाळचे जेवण अर्ध्या तासात मांडायचे, ही युक्ती शहरी आणि विलायती म्हणून सांगितली जाते. फ्रीजर विलायती आहे, हे खरे. युक्ती मात्र भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या धानपट्ट्यात वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिला जन्म दिला रोवणीने.

आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी चालते. पऱ्हे उपटायचे, चिखल केलेल्या बांधीत वाकून रोवत मागे मागे सरकायचे. हे काम बहुतेक बायकांचेच. सकाळी निघालेली बाई दिवस बुडता परतते तेव्हा सरपण ओले असते, परसातल्या वेलांना अजून फळ धरलेले नसते, आणि निवडत-चिरत बसायला कंबर शिल्लक नसते. डब्यातल्या मूठभर वड्या तेलात परतायच्या, तिखट-मीठ आणि पाणी घालायचे, असला तर एखादा बटाटा टाकायचा. भात होईस्तोवर भाजी होते. तिचे खरे काम उन्हाळ्यातच उरकलेले असते.

वडीचे कुळ जुने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात वाटल्या डाळीचे वटक आहेत. राजाच्या ताटातला तो पदार्थ ताजा, आपली वडी मात्र साठवणीची. धानपट्ट्यात ती मुगाची होते, उडदाची होते, आणि मानाची म्हणजे कोहळ्याची. डाळ रात्रभर भिजवायची, वाटायची, कोहळ्याचा कीस पिळून त्यात मिसळायचा. खरी मेहनत फेटण्यात. पिठाचा थेंब पाण्यात सोडून पाहायचा: तरंगला तर वडी हलकी होणार, बुडाला तर अजून हात चालवायचा. मग खाटेवर धुतलेले धोतर अंथरून वड्या टाकायच्या आणि तीन-चार दिवस कडक ऊन दाखवायचे. एकटीने हे उरकत नाही. आज एका घरच्या, उद्या दुसऱ्या घरच्या, अशा बायका एकमेकींकडे जात. राखणीला पोरे, कारण कावळ्यांनाही वडी आवडते.

बेगमी वडीवर थांबत नाही. धान कापणीच्या आधी, ओल असतानाच बांधीत लाखोरी या कडधान्याचे बी फेकतात. तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात आणि उरलेला पाला वाळवून ठेवतात. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले, पुढे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. उन्हाळ्यात पाणी आटले की मासेमारी करणारे ढिवर त्यातली बारीक मासळी आणि झिंगे धरतात, वाळवतात, आठवडी बाजारात मापाने विकतात. पावसाळ्यात कांद्यावर परतलेले ते झिंगे ज्याने खाल्ले, त्याला फ्रीजरमधल्या कोळंबीचे कौतुक सांगू नये.

कुजवणाऱ्या जंतूंना पाणी लागते. ऊन ते उडवते, फ्रीजर ते बर्फात कोंडतो, हेतू एकच. ही दुसरी वाट कारखान्यात नेली अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने. १९१२ नंतर तो लॅब्राडोरच्या थंडीत राहिला. तिथले लोक मासा बर्फातून बाहेर काढत आणि तो उणे ४० अंशांच्या वाऱ्यात तिथेच गोठे. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. सावकाश गोठवले तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात, झटपट गोठवले तर बारीक राहतात, हे त्याने हेरले. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विक्रीला आला. भारतात गोदरेजने पहिला फ्रीज १९५८ मध्ये बनवला.

साकोलीसारख्या गावात फ्रीज पोचला तरी त्यावर भरवसा बसायला आणखी वेळ गेला. २००५ च्या आसपास ग्रामीण महाराष्ट्रात रोज दहा-बारा तास भारनियमन असे. कोराडी आणि चंद्रपूरची वीज राज्यभर जायची आणि विदर्भातल्या फ्रीजमध्ये पाणी व्हायचे! त्या काळात ज्यांनी वडीचा डबा माळ्यावर टाकला नाही, ते शहाणे.

आता वीज बरीच टिकते, नोकरदार घरात कडक उन्हाचे चार दिवस कुणापाशी नाहीत, तेव्हा फ्रीजर वापरावाच. रस्सा पूर्ण निववून, पसरट पिशव्यांत पातळ थरात भरावा. लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. एकदा सुटलेला पुन्हा गोठवू नये. पण फ्रीजरने एक गोष्ट बिघडवली: वाळवणाला आळीतले हात लागत, रविवारचे वाटण एकट्या बाईच्या गळ्यात पडते. तेव्हा पुढच्या रविवारी घरातल्या पुरुषांनी कांदा चिरायला बसावे, आणि शेजारीण बोलावली तर दोन घरांचे एकदमच करावे.