अर्ध्या पैशाचं काय झालं?

मंडळी, आपल्या जालना जिल्ह्यातलं राजूर सगळ्यांना ठाऊक आहे ते तिथल्या गणपतीमुळे. अंगारकीला तिथे माणसांचा पूर लोटतो. गणपतीची साडेतीन पीठं मानतात. मोरगाव, राजूर आणि पद्मालय ही तीन पूर्ण, आणि चिंचवड हे अर्धं. ह्यातल्या ‘अर्ध्या’विषयी आज बोलायचं आहे, कारण आपल्या वाडवडिलांनी अर्ध्याला कधी टाकाऊ मानलं नाही. मुहूर्तही साडेतीनच. एवढंच काय, साडेतीनचा स्वतंत्र पाढा होता, त्याचं नाव औटकी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे ज्यानं घोकले, तो मनुष्य उभ्या उभ्या तोंडी हिशेब करी.

हे पाढे उपयोगी का पडत? कारण जुना रुपया निम्म्यानिम्म्यानं फुटत असे. रुपयाचे आणे सोळा. त्याचा अर्धा आठ आणे, पाव म्हणजे पावली, पावलीचा अर्धा चवली, चवलीचा अर्धा आणा. आण्याचे पैसे चार. कितीही वेळा निम्मं करा, चौसष्टाव्या भागापर्यंत काही उरत नाही. उरलंच नाही, तर सोडायचं की धरायचं हा प्रश्नही नाही.

आपल्या मराठवाड्यात मात्र हा प्रश्न थोडा आधीच आला. राजूर तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथला रुपया हाली शिक्क्याचा, पलीकडच्या इंग्रजी मुलखातला कलदार. भाव ठरला होता, सात हाली म्हणजे सहा कलदार. आता सात हा आकडा मोठा हट्टी. कोणाला दहा रुपये हाली देणं असेल, तर त्याचे कलदार झाले आठ रुपये, नऊ आणे आणि पावणेदोन पैहून किंचित कमी. दशांशात मांडलं तर एक हाली म्हणजे ०.८५७१४२ कलदार, आणि तेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात, संपतच नाहीत. कुठेतरी थांबावंच लागतं. मग शेवटची पै कोणाच्या पदरात पडायची? ज्याच्या हातात लेखणी, बहुतेक त्याच्याच.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे हालीच्या जोडीला आला, १९५१ नंतर हाली नाणी निघेनाशी झाली, आणि १९५९ मध्ये हालीचं चलन कायमचं बंद झालं. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, नवा पैसा आला. रुपयाचे शंभर! हाली-कलदारची कटकट सरते न सरते तोच सोळा आणि शंभर यांचा मेळ घालायची पाळी आली.

आता बघा, एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, ६.२५. पण सव्वासहा देणार कसे? नव्या पैशाहून लहान नाणंच नव्हतं. म्हणून १९५५ च्या नाणेविषयक दुरुस्ती कायद्यात नियम घातला. किंमत जवळच्या पूर्ण पैशाला न्यायची, आणि बरोबर मधोमध अर्धा आला तर खालचा आकडा धरायचा. त्याप्रमाणे एक आणा ६, दोन आणे साडेबाराचे १२, तीन आणे पावणेएकोणीसचे १९, आणि चार आणे बिनचूक २५.

नियम सरळ आहे. पण बाजारात काय होतं? समजा, एक बाई मेथी घेऊन बसली आहे, जुडी एक आण्याला. सोळा गिऱ्हाइकांनी सोळा जुड्या नेल्या, तर पूर्वी तिच्या गाठीला पुरता रुपया आला असता. आता सहा सहा पैशांनी ९६ पैसे आले. चार पैसे कोणी चोरले नाहीत, ते पुसले गेले. तिनं जुडीला सात मागितले तर ११२ होतात; मग गिऱ्हाईक बोलणार, ‘बाई, फार झालं!’ दोघंही खोटं बोलत नाहीत, बरं का.

ह्याहून वाईट जुन्या पैशाचं. एक जुना पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून थोडा अधिक, १.५६२५. जवळचा पूर्ण आकडा २. म्हणजे पैशाची कोथिंबीर दोन नव्या पैशांना. अशी चौसष्ट वेळा घेतली तर रुपयाच्या मालाला १२८ पैसे पडले. शेकडा अठ्ठावीस जास्त! उलट, गाडीभर कापूस विकणाऱ्याचा हिशेब शेकड्यांत. त्याच्या व्यवहारात अर्धा पैसा गेला काय नि राहिला काय. चूक तेवढीच, अर्ध्या पैशाच्या आतली. पण व्यवहार जितका लहान, तितकी ती जड. म्हणून आकडा पूर्ण करण्याचा भार सगळ्यांत जास्त पडतो तो थोडंथोडं घेणाऱ्यावर आणि थोडंथोडं विकणाऱ्यावर.

ह्यातून पहिला धडा निघतो. आधी सगळी बेरीज करा, आकडा शेवटी एकदाच पूर्ण करा. एकाच माणसानं सोळा जुड्या नेल्या, तर आधी सोळा आणे म्हणा आणि मग शंभर पैसे मोजा. हालीचंही तसंच. एक हाली म्हणजे ८६ नवे पैसे धरून सातानं गुणलंत तर ६०२ येतात, खरे सहाशेच. पायरीपायरीला पूर्ण केलेला आकडा वाटेत चूक वाढवत नेतो.

शिक्षकबंधूंसाठी दुसरा धडा. पाव सोडला आणि पाऊण धरला, तर एक आण्यात गेलेलं तीन आण्यांत परत येतं. पण अर्धा नेहमी एकाच बाजूला टाकला तर त्याची भरपाई होत नाही. दोन, सहा, दहा आणि चौदा आणे ह्या चारही ठिकाणी अर्धा येतो. कायद्यानं चारही खाली नेले: १२, ३७, ६२, ८७. शाळेत आपण अर्धा वर नेतो, तर १३, ३८, ६३, ८८. तिसरीही रीत आहे. अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जायचं: १२, ३८, ६२, ८८. दोन खाली, दोन वर, हिशेब जमला! मुलांना हे तीन रकाने फळ्यावर मांडू द्या, आणि प्रत्येक रकान्यात कोणाचं किती गेलं ते विचारा. नियम पाठ करण्यापेक्षा हे लवकर उमगतं.

आकडा पूर्ण करणं हे पाप नव्हे. आपल्याच भास्कराचार्यांनी लीलावतीत परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली, एक सूक्ष्म ३९२७/१२५०, दुसरं स्थूल २२/७, आणि हे स्थूल व्यवहाराला चालतं असं सांगितलं. पण कोणतं स्थूल, हे त्यांनी उघड सांगितलं. मर्म इथेच आहे.

१९६४ मध्ये पैशाचं ‘नवा’ हे विशेषण गेलं. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणीही गेली. सराफाच्या दुकानात ११.६६ ग्रॅमचा तोळा आता दहा ग्रॅमचा धरतात. दुकानाच्या पावतीवर तळाला बेरीज पूर्ण रुपयाची करतात. तेव्हा मंडळी, पावती हातात आली की शेवटची ओळ जरूर वाचा. अर्धा कुठे गेला ते विचारा. साडेतीन पीठं मोजणाऱ्यांनी तरी अर्ध्याची चौकशी करायलाच हवी.