लेस्लीचा चौकोनी डबा

जोड्यांची ओली वाळू दाराशीच झटका आणि आत या. बाहेर फोर्थच्या खाडीचा वारा सुटला आहे. स्कॉटलंडमधलं हे लार्गो गाव. एकोणिसावं शतक नुकतंच लागलं आहे. आत मेजाशी तिशी ओलांडलेला एक माणूस वाकून काम करतोय. तो जॉन लेस्ली, सुतारकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. तुमच्याकडे त्याचं लक्ष नाही, तेव्हा खुशाल जवळ जाऊन उभे राहा.

मेजावर एक चौकोनी डबा आहे, कथील चढवलेल्या पत्र्याचा. तो आधी चारी अंगांनी नीट पाहून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. एका अंगावर काजळी धरली आहे. दुसऱ्यावर लिहायचा कागद चिकटवला आहे आणि तिसऱ्यावर काच बसवली आहे. चौथं अंग मात्र उघडंच ठेवलं आहे, नव्याने कल्हई केलेल्या पातेल्यासारखं लखलखीत. डब्यासमोर थोड्या अंतरावर पत्र्याचाच एक अंतर्गोल आरसा उभा आहे आणि त्याच्या नाभीपाशी काचेचा एक छोटा गोळा आहे. वाकड्या नळीने तो दुसऱ्या तशाच गोळ्याला जोडला आहे आणि नळीत रंगीत द्रव आहे. पहिला गोळा तापला की त्यातली हवा फुगते आणि द्रवाला पलीकडे ढकलते. खोलीच गार किंवा गरम झाली, तर दोन्ही गोळ्यांवर सारखाच परिणाम होतो आणि द्रव जागचा हलत नाही. म्हणजे समोरून येणारी उष्णता तेवढी मोजली जाते. हे उपकरण लेस्लीने स्वतःच्या कामासाठी बेतलं आहे.

आता तो डब्यात उकळतं पाणी ओततो आणि काजळीचं अंग आरशाकडे वळवतो. द्रव सरसर सरकतो. जिथे थांबला, त्या खुणेला १०० म्हणू.

तुम्हीही तळहात पुढे करा, पण डब्याला लावू नका. काजळीच्या अंगासमोर धग जाणवते. हात तसाच ठेवून डबा फिरू द्या. लखलखीत अंग समोर आलं की धग गेली! पाणी तेच, डबा तोच, ऊनही तेवढाच. त्या चकचकीत अंगाला बोट लावलंत तर काजळीइतकाच चटका बसेल. शिवल्यावर मिळणारी उष्णता आणि दुरून येणारी उष्णता या दोन वेगळ्या वाटा आहेत. शाळेत आपण त्यांना वहन आणि प्रारण ही नावं पाठ केली, पण त्यांच्यातला फरक खरा शिकतो तो हा तळहात.

द्रव कुठे थांबला ते पाहा. चकचकीत अंगाला फक्त १२. काचेला ९०. आणि कागदाला?

इथे थोडं थांबा. कागद पांढरा आहे. ‘काळं ते उष्णता फेकतं, पांढरं ते फेकत नाही’ असं तुम्ही पाठ केलेलं असणार. द्रव ९८ वर उभा आहे. पांढराशुभ्र कागद काजळीच्या जवळजवळ बरोबरीने उष्णता फेकतोय.

हा आकडा प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं. डोळ्याला दिसणारा रंग हा फक्त दृश्य प्रकाशापुरता खरा. उकळत्या पाण्याने तापलेल्या डब्यातून जे प्रारण निघतं, त्याचा जोर ८ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. दृश्य प्रकाशाच्या दहापटीहून जास्त लांबीचे हे तरंग. त्यांच्या बाबतीत कागद काळाच आहे आणि काचही. ते मागे परतवतो तो उघडा धातू. जो परतवण्यात पटाईत, तो स्वतः फेकण्यात कंजूष.

लेस्ली एवढ्यावर थांबत नाही. चकचकीत अंगावर तो ओरखडे काढतो, तर आकडा वाढतो. जिलेटीनचा पातळ थर देतो, तर आणखी वाढतो. मग गोळ्यालाच कथलाचा वर्ख गुंडाळतो आणि काजळीसमोरही द्रव जेमतेम हलतो. उष्णता देणं असो की घेणं, सौदा पृष्ठभागाशीच होतो. डब्यात बर्फ भरला तर द्रव उलटा सरकतो, कारण आता गोळा उष्णता गमावतो. तिथेही काजळी पुढे आणि चकाकी मागे.

या सगळ्याचा अर्थ मात्र त्याने चुकीचा लावला. उष्णता हवेच्या स्पंदनांतून पसरते असं तो मानत होता. हर्शेलने १८०० मध्ये तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून दाखवलेले अदृश्य किरण त्याला पटले नाहीत. सूर्याची उष्णता निर्वात पोकळीतून येते, तिला हवा लागत नाही. तरीही १८०४ मध्ये त्याने पुस्तकात छापलेली मापं टिकली. स्पष्टीकरण गेलं आणि मोजणी राहिली, हे मला त्याच्या कामाचं मोठेपण वाटतं.

आता परत फिरा आणि एप्रिलमधल्या आपल्या गच्चीवर या. गच्चीला चुना लावतात तो ऊन परतवण्यासाठी, हे खरंच. पण लार्गोहून आल्यावर त्या पांढऱ्या थराचं दुसरं कामही तुम्हाला कळेल. ऊन बरंचसं दृश्य प्रकाशाचं आणि त्याच्या शेजारच्या आखूड तरंगांचं असतं. त्याला चुना परतवतो. आणि स्लॅबमध्ये शिरलेली उष्णता लांब तरंगांनी बाहेर पडते, तेव्हा तोच चुना कागदासारखा ती मोकळ्या हाताने आकाशात फेकतो. नवा कोरा पत्रा चमकतो, बरंच ऊन परतवतो, पण जी उष्णता एकदा शोषली ती फेकताना हात आखडतो. म्हणून पत्र्याच्या खोलीत दुपार सोसवत नाही.

तुम्ही शिकवत असाल, तर पत्र्याचा एक चौकोनी डबा घ्या. एका अंगावर मेणबत्तीची काजळी धरा, दुसऱ्यावर वहीचा पांढरा कागद चिकटवा, तिसरं घासून चमकवा. गरम पाणी तुम्हीच ओता. आकडे सांगण्याआधी प्रत्येक मुलाला न शिवता तळहात पुढे धरू द्या, आणि कागदासमोर जरा जास्त वेळ.