चादरीवर विणलेलं नाव कुणाचं?

विषयाकडे वळण्याआधी एक छोटंसं काम करूया. जे घरून ऐकत आहेत त्यांच्या कपाटात एखादी सोलापुरी चादर असेलच. ती काढा आणि तिची टोकं नीट पाहा. पुष्कळ चादरींवर तिथे अक्षरं विणलेली दिसतात, बहुतेक वेळा कारखान्याचं नाव. ही अक्षरं छापलेली नाहीत आणि भरतकाम करूनही काढलेली नाहीत. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, या निर्णयातून ती उमटली आहेत. आजचा आपला प्रश्न एवढाच आहे की हा निर्णय घेतला कुणी? मालकाचं नाव चादरीवर राहिलं. ते नाव ज्यानं आखलं, त्याचं नाव कुठे गेलं?

सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. तिच्या आधीपासून या गावात हातमाग होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला. एकाच घरात माग, चूल आणि पाळणा असायचा. पुढे यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेल ही सोलापूरची ओळख झाली आणि पुष्कळसं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेलं. आज त्या वसाहतीतून चालताना मागांचा खडखडाट ऐकू येतो. पण त्या आवाजाच्या आधी एक अगदी शांत काम झालेलं असतं. आपला आजचा कलावंत त्या कामात सापडतो.

हे काम समजून घेऊ. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागावर बसवायचं एक यंत्र तयार केलं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं शिवून साखळी करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक कार्ड. समजा, नक्षीचा एक पूर्ण तुकडा 600 फेऱ्यांचा आहे, तर 600 कार्डं लागणार. 1839 मध्ये लियाँत जकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली!

पण भोकं कुठे पाडायची हे यंत्राला कळत नाही. ते ठरतं ग्राफच्या कागदावर. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा उचलणारा एक हूक, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. मोराची मान गोल असते आणि कागदावर सगळे चौकोनच. मग त्या गोलाईच्या पायऱ्या करायच्या, आणि त्या डोळ्याला पायऱ्या वाटू द्यायच्या नाहीत. धागा फार लांबपर्यंत मोकळा राहिला तर तो कशाला तरी अडकून ओढला जातो, म्हणून मधेमधे त्याला बांधणारा ठिपका द्यायचा. पण तो नक्षीत खुपता कामा नये. त्यात सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरायची. एका बाजूला लालावर पांढरा मोर दिसला, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. म्हणजे आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकाच वेळी दोन चादरी असाव्या लागतात. याला आपण कारागिरी म्हणतो आणि पुढे जातो. आमच्या मते ही चित्रकला आहे, आणि तिला गणिताची शिस्त आहे.

ही विद्या शिकवली कुठे गेली? ‘कार्यशाळा’ हा शब्द पाहा. आज आपण तो दोन दिवसांच्या शिबिरासाठी वापरतो, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. शब्दाचा अर्थ मात्र सरळ आहे: काम जिथे चालतं तीच शाळा. ग्राफ भरणाऱ्या माणसाच्या हाताखाली एखादा पोरगा बसायचा. आधी चौकोन मोजायचे, मग रंग भरायचे, मग कार्डं ओवायची. चुकलं तर ते मागावर दिसायचं, सगळ्यांसमोर. आणि हे शिकवणं व्हायचं तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनी उर्दूत, मराठीत. लिहिला गेला तो इतिहास बहुतांशी गिरण्यांचा, संपांचा, 1930 च्या मार्शल लॉचा. तो लिहायलाच हवा होता. पण ग्राफच्या टेबलावर जे बोललं गेलं, ते कागदावर आलं नाही.

इथे एक तुलना करता येते. हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून सरकारनं 1956 पासून विणकर सेवा केंद्रं सुरू केली, आणि तिथे चित्रकारांना नेमलं. प्रभाकर बरवे 1961 मध्ये वाराणसीच्या केंद्रात गेले, नंतर मुंबईच्या केंद्रात आले आणि 1982 पर्यंत या कामात राहिले. वीस वर्षं! बरवे आपल्याला माहीत आहेत ते त्यांच्या चित्रांमुळे आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे. त्यांनी कापडासाठी केलेलं काम कुणाच्या अंगावर, कुणाच्या दारा-खिडक्यांवर गेलं, हे आपण विचारतही नाही. चित्रावर चित्रकाराची सही असते. कापडावर विकणाऱ्याची असते. बरव्यांकडे निदान कॅनव्हास होता. सोलापूरच्या ग्राफवाल्याकडे चादरच होती.

आता ग्राफची जागा संगणकानं घेतली आहे. नवे जकार्ड कार्डांशिवाय चालतात. त्याबद्दल रडायचं कारण नाही. धागा कुठे बांधायचा हे संगणकासमोर बसलेल्यालाही कळावंच लागतं. पण जुने ग्राफ आणि कार्डांच्या माळा रद्दीत जातात आणि ज्यांना त्या वाचता येतात ती माणसं म्हातारी होत आहेत.

18 मे 2025 च्या पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. त्यात मालकाच्या घरातले होते, कामगारही होते. त्यांची नावं आपण वर्तमानपत्रात वाचली ती त्या दिवशी. माणूस काम करत असताना त्याचं नाव विचारायची सवय आपल्याला नाही, हे त्या दिवशी फार टोचलं.

म्हणून सोलापूरकर श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी ग्राफ भरलेला, कार्डं पाडलेला माणूस असेल, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. ज्या भाषेत ते बोलतील त्याच भाषेत रेकॉर्ड करा. कुणाच्या हाताखाली शिकलात आणि कुणाला शिकवलंत, हे दोन प्रश्न नक्की विचारा. जुना ग्राफ सापडला तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं आखणाऱ्याचं नाव आणि आठवेल ते वर्ष लिहा. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे गावाचं नाव कायद्यानं सुरक्षित झालं. माणसांची नावं सांभाळायला कुठलाही कायदा येणार नाही. ते काम आपलं आहे.

आणि ती चादर घडी घालून ठेवण्यापूर्वी मोराची मान एकदा जवळून पाहा. पायऱ्या दिसतील.