रात्रकालीन रक्तदाब

रात्रकालीन रक्तदाब म्हणजे मनुष्य झोपेत असताना त्याच्या धमन्यांमध्ये असणारा रक्ताचा दाब होय. निरोगी व्यक्तीत हा दाब दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हा उतार पुरेसा नसणे, किंवा उताराऐवजी चढ दिसणे, हे हृदयविकार, पक्षाघात व मूत्रपिंडविकार यांच्या वाढत्या धोक्याचे लक्षण मानले जाते. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब दिवसाचाच असल्यामुळे हा दोष तेथे सहसा उघडकीस येत नाही.

== प्रकार ==

आयर्लंडमधील वैद्यक ओवेन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात रुग्णांचे ‘डिपर’ आणि ‘नॉन-डिपर’ असे दोन वर्ग मांडले. पुढे त्यांत आणखी दोन वर्गांची भर पडली. उतार १० टक्क्यांहून कमी असल्यास ‘नॉन-डिपर’, २० टक्क्यांहून अधिक असल्यास ‘अतिडिपर’ आणि रात्रीचा दाब दिवसापेक्षा वाढत असल्यास ‘रायझर’ म्हणतात. उदाहरणार्थ, दिवसाचा वरचा दाब सरासरी १४० आणि झोपेतील ११९ असेल, तर उतार १५ टक्के, म्हणजे अपेक्षित आहे. तोच झोपेत १३४ राहिला, तर उतार जेमतेम ४ टक्के ठरतो. दिवसाचा आकडा दोघांचाही एकच, हे येथे ध्यानात घ्यावे.

== मापन ==

यासाठी दंडाला पट्टा व कमरेला लहान यंत्र बांधून २४ तास रक्तदाब नोंदवला जातो. या पद्धतीस ‘एबीपीएम’ म्हणतात. यंत्र सहसा दर १५ ते ३० मिनिटांनी आपोआप नोंद घेते. पट्टा फुगत असताना हात स्थिर ठेवावा लागतो. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपेतील सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक असल्यास तो रात्रकालीन उच्च रक्तदाब होय. अमेरिकेतील २०१७ च्या तत्त्वांनी ही मर्यादा ११०/६५ पर्यंत खाली आणली. भारतात उपेंद्र कौल व सहकाऱ्यांनी २७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या अशा नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

== हृदयविकाराशी संबंध ==

जपानमधील ओहासामा या गावातील दीर्घकालीन पाहणी या विषयात पायाभूत मानली जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार रात्रीचा उतार दर ५ टक्क्यांनी कमी होताना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढला. ज्यांचा एकूण रक्तदाब सामान्य होता, त्यांच्यातही हा संबंध आढळला. रायझर वर्गात हृदय निकामी होण्याचे प्रमाण अधिक दिसते. अतिडिपर वृद्धांमध्ये मेंदूतील लक्षणविरहित आघात जास्त आढळल्याचे जपानी संशोधक काझुओमी कारिओ यांनी दाखवले. अर्थात, जितका उतार अधिक तितके बरे, ही समजूत चुकीची आहे.

== कारणे ==

झोपेत अनुकंपी चेतासंस्था शांत होते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दाब उतरतो. घोरण्यासह श्वास अडखळणारी निद्राश्वसनबाधा, मधुमेहामुळे झालेली चेतांची हानी, मूत्रपिंडविकार व वार्धक्य यांमुळे हा क्रम बिघडतो. मिठाचा वाटा विशेष आहे. दिवसभरात घेतलेले मीठ मूत्रपिंडांना दिवसा पुरेसे बाहेर टाकता आले नाही, तर ते काम रात्री उरकण्यासाठी दाब चढा राहतो. त्यामुळेच मीठ कमी केल्यावर काही नॉन-डिपर रुग्णांत रात्रीचा उतार परत येतो. लोणचे, पापड व ठेचा यांतील मीठ हिशेबात धरण्याची सवय आपल्याकडे नाही.

== ऊसतोड कामगार आणि ‘रात्र’ ==

बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर, केज, पाटोदा आदी तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पहाटेच्या अंधारात फडावर पोहोचणे आणि रात्री-अपरात्री वाहन आले की मोळ्या भरणे, असा त्यांचा दिनक्रम असतो. कोपीतील झोप तुकड्यातुकड्यांनी होते. अशा व्यक्तीच्या नोंदीत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ ‘रात्र’ धरल्यास मोळी वाहतानाचा दाब झोपेचा म्हणून मोजला जाईल आणि निरोगी माणूसही नॉन-डिपर ठरेल. म्हणून झोपण्या-उठण्याच्या प्रत्यक्ष वेळा लिहून त्यांवरूनच सरासरी काढावी लागते. पाळीत काम करणारे कामगार, परिचारिका व रात्री पिकाला पाणी देणारे शेतकरी यांनाही हेच लागू आहे. हंगाम पाच-सहा महिने चालत असल्याने गावच्या केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्यांत खंड पडण्याची शक्यता असते, ही अडचण वेगळीच.

== औषधाची वेळ ==

रक्तदाबाची गोळी रात्री घेतल्यास अधिक लाभ होतो, असा दावा स्पेनमधील ‘हायजिया’ चाचणीने २०१९ साली केला होता. त्या चाचणीच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांच्या ‘टाइम’ चाचणीत (२०२२) सकाळी व संध्याकाळी औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्यामुळे गोळी ज्या वेळी न चुकता घेणे जमते ती वेळ योग्य मानतात. मात्र काचबिंदू असलेल्यांत रात्रीचा दाब फार उतरल्यास डोळ्याच्या चेतेचा रक्तपुरवठा घटू शकतो. अशा रुग्णांनी औषधाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.