करोनरी धमनीविस्फार : शस्त्रक्रियेविना उपचार

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीचा एखादा भाग लगतच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रुंद झाला, की त्यास करोनरी धमनीविस्फार म्हणतात. प्रौढांमध्ये तो मुख्यतः धमनीकाठिण्यामुळे होतो, लहान मुलांमध्ये कावासाकी रोगामुळे. पुष्कळदा लक्षणे नसतात. अन्य कारणासाठी केलेल्या अँजिओग्राफीत तो नजरेस पडतो.

फुगवटा फुटेल ही भीती स्वाभाविक असली, तरी तसे क्वचितच घडते. खरा धोका गुठळीचा. रुंदावलेल्या भागात रक्त मंदावते, भोवरे धरते आणि साकळते. गुठळी तेथेच वाट बुजवते किंवा सुटून पुढच्या बारीक शाखेत अडकते, आणि हृदयविकाराचा झटका येतो. म्हणून प्रौढांना अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिन देतात, रक्तदाब आटोक्यात ठेवतात, तंबाखू सोडायला लावतात. फुगवटा यांनी आक्रसत नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे सरसकट द्यावीत का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. रक्तस्रावाची जोखीम पाहून निर्णय घेतात.

कावासाकी रोगात मात्र विस्फार मुळातच टाळता येतो. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेल्या या रोगात धमन्यांना दाह होतो. उपचाराविना सुमारे २५ टक्के मुलांच्या करोनरी धमन्यांत विकृती उद्भवते. ताप आल्यापासून १० दिवसांच्या आत वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून सावकाश दिल्यास हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येते. त्यानंतर गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी सुमारे ११ महिने लांबवतात. लहान विस्फार असल्यास अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन पुरते. ८ मिलिमीटर वा त्याहून मोठा असल्यास जोडीला वॉरफरिन व वारंवार रक्ततपासणी लागते. लहान विस्फार बहुधा एक-दोन वर्षांत इकोकार्डिओग्राफीत दिसेनासे होतात. तरीही धमनीची भिंत पूर्ववत झाली असे मानत नाहीत. तपासणी चालूच ठेवतात.

औषधांपलीकडचा मार्ग कॅथेटरचा. पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट बसवला, की पिशवीसारख्या विस्फाराचे तोंड बंद होते. पण तेथून निघणारी महत्त्वाची शाखाही त्यामुळे बुजू शकते, शिवाय अशा स्टेंटमध्ये पुन्हा अरुंदी वा गुठळी होण्याचा संभव अधिक. काही वेळा पिशवीत धातूची बारीक वेटोळी सोडून ती भरून टाकतात. विस्फार डाव्या मुख्य धमनीत, फाटा फुटतो त्या जागी किंवा फारच मोठा असेल, तर बहुधा बायपासचा विचार करावा लागतो.