सुट्या भागांतून जन्मलेलें इंजिन

पहिलें महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें, आणि ज्या विमानांसाठीं इंग्लंडनें रात्रीचा दिवस केला होता तींच विमानें एकाएकीं अडगळ होऊन बसलीं. सुमारें १०,००० विमानें, ३०,००० इंजिनें, शिवाय मॅग्नेटो, प्लग आणि दट्टे यांचे ढीगच्या ढीग! १९२० सालीं 'एअरक्राफ्ट डिस्पोझल कंपनी' या मंडळीनें हा सारा पसारा दहा लक्ष पौंड रोख आणि पुढील नफ्यांत निम्मा वांटा, अशा बोलीवर सरकारकडून उचलला. जुन्या बाजारांतला इतका मोठा सौदा क्वचितच झाला असेल.

त्या ढिगांत रेनॉ या फ्रेंच बनावटीचीं, वाऱ्यानें थंड होणारीं, आठ सिलिंडरांचीं इंजिनें पुष्कळ होतीं. त्यांचे सिलिंडर चार-चारांच्या दोन ओळींत, इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें कललेले असत. फ्रँक हॅलफर्ड या कल्पक यंत्रज्ञानें त्यांत सुधारणा करून त्यांची शक्ति १२० अश्वशक्तीपर्यंत नेली. याच सुमारास जेफ्री डी हॅव्हिलंड यांच्या मनांत, साधारण ऐपतीच्या माणसास परवडेल असें लहान विमान बांधावयाचें होतें. परंतु युद्धांतलीं इंजिनें त्यास अवजड पडत, आणि मोटारसायकलीचीं अगदींच दुबळीं ठरत. तेव्हां भाऊबंदकींत वाड्याची उभी वांटणी व्हावी, तशी या इंजिनाची वांटणी करण्यांत आली. आठांपैकीं चार सिलिंडरांची एक ओळ घेतली. दट्टे, सिलिंडर आणि जोडदांडे जुन्याच सांठ्यांतले. नवें काय, तर मुख्यतः पेटी आणि भुजादंड. अशा रीतीनें ६० अश्वशक्तीचें 'सिरस' इंजिन जन्मास आलें. तें बसविलेलें पहिलें 'मॉथ' विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावरून उडालें. मॉथ लोकांस इतकें आवडलें कीं ठिकठिकाणचे हौशी उड्डाण-संघ त्याच विमानावर उभे राहिले.

पण या व्यवहारांत एक खोट होती. रेनॉचे भाग आतां नव्यानें कोणी घडवीत नव्हतें. व्याजावर निर्वाह न करतां मुद्दलास हात घालणाऱ्याची जी गत होते, तीच सिरसची झाली. मॉथ जितकें लोकप्रिय होई, तितका जुना सांठा वेगानें आटे. शेवटीं डी हॅव्हिलंडनें हॅलफर्डलाच गांठलें आणि सर्वस्वीं नवें इंजिन आंखण्यास सांगितलें. तें १९२७ चें 'जिप्सी' इंजिन. त्याची परीक्षाहि नमुनेदार झाली. एक इंजिन मोहोरबंद करून १९२८ ते १९२९ या काळांत सुमारें नऊ महिने, ६०० तास उडविलें. नंतर उघडून पाहतां बदलाव्या लागलेल्या भागांची किंमत सात पौंडांच्या थोडी वरच भरली! आज जुन्या जिप्सीचा एखादा भाग शोधीत फिरणाऱ्यास हा आंकडा परीकथेंतला वाटेल.

हिंदुस्थानच्या विमानविद्येच्या इतिहासांत एका सुट्या भागानें बजावलेली कामगिरी येथें सांगण्यासारखी आहे. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कोणत्याहि दिशेनें, एकट्यानें आणि ठराविक मुदतींत करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. मनमोहन सिंग कराचीस पोहोंचले, परंतु मुदत उलटल्यावर. १९३० च्या मे महिन्यांत दोन मॉथ विमानें समोरासमोरच्या दिशांनीं निघालेलीं होतीं. कराचीहून जे. आर. डी. टाटा, आणि इंग्लंडहून अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. ईजिप्तमध्यें अबुकीर येथें पाहतात तों अस्पी प्लगांवांचून अडकून पडलेला. जिप्सीला दर सिलिंडरामागें दोन, म्हणजे एकंदर आठ प्लग लागतात. ते तेलानें काजळले म्हणजे उत्तम इंजिनहि धड चालत नाहीं. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. तो उडाला, कराचीस पोहोंचला, आणि बक्षीस थोडक्या फरकानें त्यानें जिंकलें. प्लग दिले नसते तर ज्या वैमानिकानें बहुधा शर्यत मारली असती, त्यानें मूठभर वस्तूंसाठीं तिचा त्याग केला. अस्पी इंजिनिअर हे पुढें १९६० ते १९६४ या काळांत भारताचे वायुसेनाध्यक्ष होते.

टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूस टपाल आणलें, तें पस् मॉथ विमानांतून. त्यांतलें 'जिप्सी तीन' हें इंजिन उलटें टांगलेलें असे. सिलिंडर खालीं आणि भुजादंड वर. त्यामुळें वैमानिकास समोरचें नीट दिसे, पण उभ्या विमानांत तेल झिरपून सिलिंडरांत सांचे. म्हणून इंजिन चालूं करण्यापूर्वीं पंखा हातानें फिरवून पाहण्याची चाल पडली, आणि ती अद्याप आहे.

याच इंजिनाचा वाढविलेला अवतार म्हणजे 'जिप्सी मेजर'. टायगर मॉथ या शिकाऊ विमानामुळें तें अफाट संख्येनें निघालें, एकंदर १४,६१५! दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपतांच १९२० चाच खेळ पुन्हां सुरू झाला. ग्रीस लावून गुंडाळलेले भाग पेट्यांतून स्वस्तांत मिळूं लागले, आणि उड्डाण-संघांची कित्येक वर्षें त्यावर गेलीं. 'जिप्सी तीन' मात्र त्या मानानें फारच थोडीं निघालीं. त्याच्या सिलिंडराचा व्यास ११४ मिलिमीटर, मेजरचा ११८. चार मिलिमीटर म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. पण तेवढ्यानें एकाचा दट्टा दुसऱ्यास निरुपयोगी होतो.

जुन्या विमानाचा मालक आज भाग मिळवितो तो तीन वाटांनीं : न वापरलेला जुना माल, मोडीत निघालेलें दुसरें इंजिन, किंवा नव्यानें घडविलेली प्रत. पहिली वाट सोपी वाटते, पण पेटीबंद रबर वापराविनाच सडतें आणि मॅग्नेटोच्या वेटोळ्याचें वेष्टण आपोआप कुजतें. दट्ट्याचीं कडीं, झडपा, गॅस्केटें हीं नवीं करून घेतां येतात. खरी अडचण भुजादंडाची. झिजलेला दंड घांसून गुळगुळीत करतात आणि त्यास जाड बेअरिंग बसवितात. पण घांसण्यास मर्यादा आहे, ती ओलांडली कीं दंड भंगारांत जातो. घांसण्यापूर्वीं त्याला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण मिसळलेलें पातळ द्रव्य ओततात; डोळ्यांस न दिसणारी चीर असेल तेथें ते कण रेघेसारखे गोळा होतात. शिवाय प्रत्येक भागाबरोबर त्याच्या उगमाचा दाखला लागतो. चकचकीत पण बेवारशी भाग विमानांत घालीत नाहींत, आणि हा नियम जाचक म्हणणाऱ्यांनीं एकच इंजिन असलेल्या विमानांतून एकदां समुद्र ओलांडून पाहावा.

टाटांनीं त्या पहिल्या टपाल-उड्डाणाची पन्नाशी १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं कराची ते मुंबई असें स्वतः उडूनच साजरी केली. वय ७८. या खेपेचें विमान पस् मॉथ नव्हतें, लेपर्ड मॉथ होतें. आणि त्याच्या नाकांत जिप्सी मेजर.