साठीची नोंदवही

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक अत्यंत व्यवहारी सूचना आहे. उपासनेत ती क्वचितच कानी पडते, आणि पडली तरी प्रवचनकार तिच्यापाशी फारसे थांबत नाहीत. एफिसच्या ख्रिस्तमंडळीने आधार द्यावयाच्या विधवांची एक यादी ठेवावी. तीत साठ वर्षांखालील स्त्रीचे नाव घालू नये. आणि जिला मुले वा नातवंडे आहेत तिचा भार आधी त्यांनी वाहावा, म्हणजे जिचे खरोखरच कोणी नाही तिच्यासाठी मंडळीचा हात मोकळा राहील, असा त्या सूचनेचा आशय. भारताच्या संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला तेव्हा ज्येष्ठत्वाची मर्यादा साठच धरली, आणि मुलांची जबाबदारी आधी, निराधारांसाठी वृद्धाश्रम नंतर, हाच क्रम ठेवला. कायदा रचणाऱ्यांसमोर तीमथ्याचे पत्र असण्याचे कारण नाही. तरीही दोन्हीकडे माणसांची वाटणी एकाच रेषेने झाली आहे: ज्याचे कोणी आहे तो एका बाजूला, ज्याचे कोणी नाही तो दुसऱ्या बाजूला.

पुण्याच्या धर्मग्रामांत आज जी पिढी सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे, ती या रेषेच्या कोणत्या बाजूला बसते हे ठरविणे कठीण झाले आहे. आम्ही त्याच पिढीचे आहोत, म्हणून हा विषय थोडा मागे जाऊन पाहावासा वाटतो.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने घरच्यांना सूट दिली नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. आईवडिलांना द्यावयाचे द्रव्य ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून त्यांच्या पोषणातून अंग काढून घेणाऱ्यांवर प्रभू येशूने ओढलेले कोरडे मार्कच्या शुभवर्तमानात आहेत. देवळाच्या नावाने आईची उपेक्षा करता येत नाही, इतका तो निकाल स्पष्ट आहे. सिराखच्या ग्रंथाने तर पित्याची बुद्धी उतारवयात ढासळली तरी त्याला सांभाळून घेण्याची आज्ञा केली आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची रात्र ज्यांनी जागून काढली आहे त्यांना त्या आज्ञेचे वजन वेगळे सांगावयास नको.

घरच्यांच्या पलीकडची सोयही लवकरच झाली. पूर्व रोमन साम्राज्यात वृद्धांसाठी स्वतंत्र घरे होती, त्यांना ग्रीक भाषेत ‘गेरोकोमिऑन’ म्हणत, आणि सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील कायद्यांत त्यांची दखल घेतलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर ‘मिझेरिकॉर्दिया’ हा दयाकार्याचा बंधुसंघ आला. १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोर हिच्या आश्रयाने त्याचा आरंभ झाला, आणि पुढे गोवा, चौल, वसई येथे त्याच्या शाखा निघाल्या. आजारी, कैदी, विधवा, पोरकी मुले, बेवारस प्रेते हे त्याचे कार्यक्षेत्र. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज संस्थांचे दिवस सरले. गावकीत राहिलेल्या आमच्या वसईकर बांधवांनी म्हातारी माणसे पुन्हा घरच्या ओटीवरच सांभाळली.

मात्र वृद्धसेवा हेच ज्या संस्थेचे एकमेव व्रत आहे, तिची कथा थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे. झान जुगान हिचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, काँकाल या कोळ्यांच्या गावी झाला. (पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर सिटी चर्च उभे राहिले तेही १७९२ सालीच, हा निव्वळ योगायोग, पण पुणेकर ख्रिस्ती माणसाला तो लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे.) वडील समुद्रात नाहीसे झालेले, आई मोलमजुरी करणारी, झानने स्वतः मोलकरणीचे आणि रुग्णसेविकेचे काम केले. १८३९ च्या हिवाळ्यात, सत्तेचाळीस वर्षांची असताना, सँ-सेर्व्हाँ येथे तिने आन शोव्हँ नावाची एक अंध, लुळी पडलेली म्हातारी आपल्या भाड्याच्या खोलीत आणली, तिला स्वतःचा पलंग दिला आणि आपण माळ्यावर निजू लागली. एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या बारा. टोपली घेऊन ती दारोदार हिंडे, कारण म्हाताऱ्या भिक्षेवर जगत आणि आता त्यांच्या वतीने भिक्षा मागण्याचे काम तिने पत्करले होते. यांतून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. संघाचे मार्गदर्शक धर्मगुरू ल पायर यांनी तिला प्रमुखपदावरून दूर केले, संस्थापक म्हणून स्वतःचे नाव पुढे केले, आणि १८५२ पासून मृत्यूपर्यंत सत्तावीस वर्षे झान मातृगृहातील एक साधी म्हातारी भगिनी होऊन राहिली. शेजारी बसून जेवणाऱ्या तरुण नवशिक्या भगिनींना आपण संस्थापिकेजवळ बसलो आहोत याचा पत्ता नव्हता. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ती वारली तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. रोमने चौकशी करून ल पायर यांना १८९० साली पदावरून दूर केले. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी तिला धन्यवादित व ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत घोषित करण्यात आले. वृद्धांची संत म्हणून तिची प्रार्थना करताना आम्हांला तिची टोपली आठवते त्याहून अधिक ती सत्तावीस वर्षे आठवतात. आपल्याच घरात राहून कोणाच्याही लेखी नसणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते.

तिच्या भगिनी १८८२ साली कलकत्त्यास आल्या. मुंबईत अंधेरीला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावरील त्यांचे वृद्धगृह आमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पुण्यातही धर्मभगिनींनी चालविलेली वृद्धगृहे आहेत. या सर्व घरांचा मूळ पाया एकच: ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी ही जागा. पुण्यातील सर्वांत जुन्या अशा संस्थांपैकी एक, नवी पेठेतील आजचा ‘निवारा’, ही बगदादहून आलेल्या यहुदी दानशूराच्या, डेव्हिड ससून यांच्या नावाची. तिचे जुने नाव ‘अनाथ पंगुगृह’ असे होते. या एका नावात त्या शतकाची सारी समजूत आली. म्हातारपण घरी काढावयाचे. घराबाहेर काढावे लागले तर माणूस अनाथ किंवा पंगू असला पाहिजे. ‘वृद्धाश्रम’ या शब्दाला आजही जी नाचक्की चिकटलेली आहे, तिचे मूळ तेथे आहे.

आता आमच्या पिढीकडे येऊ. पुण्याचा कॅथलिक समाज एका मुशीतून घडलेला नाही. पेशव्यांच्या फौजेतील गोवेकर, १८५० साली सेंट पॅट्रिक्स ज्यांच्यासाठी उभारले गेले ते आयरिश सैनिक, अँग्लो-इंडियन निवृत्त नोकरवर्ग, तमिळ आणि मल्याळी कुटुंबे, आणि नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील केंदळ, वळण, राहुरी, संगमनेरकडील मराठी माणसे. या शेवटच्या प्रवाहातील आम्ही पुष्कळजण १९५४ सालच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनंतर आणि विशेषतः १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलो. काहीजण खडकी-देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यांत लागलो. १९७२ च्या दुष्काळाने आणखी कित्येकांना उचलून आणले. मुली परिचारिका झाल्या, मिशनच्या शाळांतून शिक्षिका झाल्या.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. गाव आधी आम्ही सोडले. आमची आई केंदळात किंवा हरेगावात धाकट्या भावाच्या घरी राहिली. आम्ही दरमहा मनीऑर्डर पाठवली, नाताळला लुगडे नेले, सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला गेलो की तिच्या पायांवर डोके ठेवले आणि सोमवारच्या पाळीसाठी रविवारी रात्रीची एस.टी. धरली. तिला आंघोळ कोण घालत होते, तर भावजय. त्या भावजयीचे नाव आमच्या कोणत्याही कृतज्ञतेच्या मिस्सेत घेतले गेले नाही. आज आमची मुले दुबईत, टोरोंटोत, मेलबर्नला आहेत, किंवा खराडीला अठराव्या मजल्यावर दोन खोल्यांत आहेत. ती जे करीत आहेत ते आम्ही केलेल्यापेक्षा निराळे नाही. फरक इतकाच की मागे राहिलेला धाकटा भाऊ आणि भावजय आता उरलेली नाहीत.

दुसरा फरक आयुर्मानाचा. १९४१ ते १९५१ या दशकात भारतात जन्मणाऱ्याची सरासरी आयुर्मर्यादा सुमारे ३२ वर्षे होती. ती आज सत्तरच्या आसपास आहे. साठीवरील माणसे १९६१ च्या जनगणनेत शेकडा ५.६ होती, २०११ मध्ये ८.६ झाली, आणि महाराष्ट्रात ती ९.९ होती. यामुळे घरोघरी एक दृश्य दिसू लागले आहे, ज्याची कल्पना एफिसच्या मंडळीला नसावी: मुलगी त्रेसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, आई अठ्ठ्याऐंशीची, अंथरुणावर. पत्राच्या नियमाप्रमाणे दोघींचेही वय यादीत बसते, आणि एक दुसरीचा आधार असल्यामुळे नाव कोणाचेच लागत नाही.

मराठी रंगभूमीला हे संकट कायद्याच्या कितीतरी आधी दिसले. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले. मिळकत मुलांच्या हवाली करून बेघर झालेला तो नट आमच्या पिढीने भरल्या नाट्यगृहात पाहिला आणि घरी येऊन आपणही मुलाच्या नावे सदनिका केली. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मिळकतीचा प्रश्नच नाही, मुलगा परदेशी आणि घरात दोन म्हातारी माणसे, एवढेच. २००७ च्या कायद्याचे तेविसावे कलम ‘नटसम्राट’चे उत्तर आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट न पाळल्यास, परत मागता येते. ‘संध्याछाया’चे उत्तर कोणत्याही कलमात नाही. महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झालेल्या या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. परंतु पैसे नियमाने पाठविणाऱ्या, रोज रात्री दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुलाविरुद्ध कोणती मागणी मांडावयाची? त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धनांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण तेथे शासन तो स्थापन ‘करू शकेल’ असे क्रियापद आहे. कायद्याच्या भाषेत या ‘शकेल’मध्ये पुष्कळ काही विरून जाते.

निवृत्तिवेतनधारकांचे शहर म्हणून पुण्याची ख्याती जुनी. म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी परांजपे समूहाने ‘अथश्री’ नावाने ज्येष्ठांसाठी गृहसंकुले येथेच उभारली, त्यात नवल नाही. पाषाणच्या संकुलानंतर त्यांचा विस्तार झाला, इतरही विकासक पुढे आले, आणि २०२४ साली महारेराने अशा प्रकल्पांसाठी दारांची रुंदी, लिफ्ट, भिंतीलगतचे कठडे यांविषयी नियम ठरवून दिले. ही घरे आम्ही पाहिली आहेत. ती चांगली आहेत. तेथे राहणारा माणूस अनाथ समजला जात नाही, आणि ‘अनाथ पंगुगृहा’पासून येथवर शब्दांनी केलेला हा प्रवास आम्ही कमी लेखत नाही.

परंतु कारखान्यातील कामगाराचे निवृत्तिवेतन कसे मोजतात ते पाहावे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. कमाल पात्र वेतन १५,००० रुपये आणि सेवा पस्तीस वर्षे धरली तरी हाती येतात ७,५०० रुपये. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम ठरली १,००० रुपये. रात्रंदिवस मदतनीस ठेवणाऱ्या वृद्धगृहाचे मासिक शुल्क याच्या अनेकपट असते. निर्धनांसाठीच्या घरी जावे तर तेथे विचारतात, आपल्या नावावर दापोडीला खोली आहे ना, मुलगा नोकरीला आहे ना? मग जागा दुसऱ्याला दिली पाहिजे. आणि ते विचारतात ते योग्यच आहे. झान जुगानचा पलंग आन शोव्हँसाठी होता. अशा रीतीने चाळीस वर्षे इतरांच्या आयांना बेडपॅन देणारी निवृत्त परिचारिका लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडते. तिला सर्व आहेत, आणि दार उघडावयास कोणी नाही.

ख्रिस्तसभेने या काळात काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. पूर्वी धर्मगुरू अभ्यंगाचे तेल घेऊन आले म्हणजे शेजारीपाजारी रडू लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ साली नवा विधी आला आणि तो संस्कार मरणाऱ्याबरोबर जराजर्जर माणसाचाही झाला. १९७३ पासून नेमलेल्या प्रापंचिकांनाही आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेता येऊ लागला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली, स्वतः एकोणऐंशी वर्षांचे असताना, वृद्धांना पत्र लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांना वाहिला. त्या दिवशी बहुतेक धर्मग्रामांत शाल, गुलाबाचे फूल आणि समूहछायाचित्र असा कार्यक्रम होतो. छायाचित्रात येतात ते जिने उतरू शकणारे.

धर्मग्रामाच्या कार्यालयात कोणती पुस्तके असावीत हे १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम सांगते: बाप्तिस्म्याचे, विवाहाचे, मृत्यूचे. आमच्या पिढीच्या नोंदी पहिल्या दोन पुस्तकांत आहेत आणि तिसऱ्यात हळूहळू होत आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकांमधील चाळीस-पन्नास वर्षांसाठी वही नाही. कोण एकटे राहते, किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे असते, औषधे कोण आणून देते, रात्री कोणाला फोन करावा, हे कोठेही लिहिलेले नाही. तीमथ्याच्या मंडळीकडे निदान एक यादी होती. पुण्यातील दहाबारा धर्मग्रामांनी मिळून ती पुन्हा करावयाची ठरविल्यास फार तर एक पावसाळा लागेल. ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक, विन्सेंट डी पॉल संघाचे सभासद आणि संडे स्कूलची मोठी मुले एवढी माणसे त्यास पुरे आहेत. यादी झाल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहील, तो म्हणजे आठवड्यातून सहा दिवस कुलूप असणाऱ्या सभागृहांत दिवसाचे विसावाकेंद्र का चालवू नये. पण तो प्रश्न यादीनंतरचा.

सध्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे निघताना आमच्याजवळ जी यादी असते ती एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर पेन्सिलने लिहिलेली आहे. तीवर गेल्या वर्षी एकोणीस नावे होती. पाच खोडली आहेत, सात नवी घातली आहेत, आणि दोन नावांपुढे दार उघडले नाही अशी खूण आहे.